दुरुस्तीनंतर बंद पडणारे नौकेचे इंजिन

पावसाळी मासेमारीबंदीचा काळ, म्हणजे अलीकडील वर्षांत १ जून ते ३१ जुलै, हा कोकणच्या बंदरांत दुरुस्तीचा काळ असतो. नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात, इंजिने उघडली जातात, गाळण्या बदलल्या जातात. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाली, की एक तक्रार हमखास ऐकू येते: इंजिन धक्क्यावर उत्तम सुरू झाले, पाच-दहा मिनिटे चालले आणि खाडीच्या मुखाशी येताच आचके देत बंद पडले. शिडाचा आधार बहुतेक यांत्रिक नौकांवर आता उरलेला नाही. ओहोटी आणि खडक यांच्यामध्ये सापडलेल्या तांडेलाने मिस्त्रीला बोल लावावा, हे स्वाभाविक होय. परंतु दोष बहुधा दुरुस्त केलेल्या भागात नसतो. दुरुस्तीसाठी सोडविलेल्या सांध्यात असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रात, दाबामुळे तापलेल्या हवेत तेल सोडले जाते व ते आपोआप पेटते. त्यासाठी आजच्या इंजिनांत पंपाला दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमहून अधिक दाबाने तेल फवारावे लागते. तेल जवळजवळ दबत नाही. हवा मात्र सहज दबते. नळीत बुडबुडा शिरला, की पंपाचा सारा जोर त्यालाच आवळण्यात खर्च होतो आणि फवारा उघडत नाही. ‘इंजिनाने हवा धरली’ असे मिस्त्री म्हणतात ते यालाच.

आरंभीची मिनिटे इंजिन चालते ते गाळणीत व नळीत साठलेल्या तेलावर. टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असल्यास पंप तेल ओढून घेतो. त्या बाजूचा सांधा सैल असेल तर तेल बाहेर ठिबकण्याऐवजी हवा आत खेचली जाते. म्हणून कोरडा सांधा निर्दोष समजण्याची चूक फार होते. तांब्याचा जुना वायसर पुन्हा वापरणे किंवा गाळणीची रबरी कडी वाकडी बसणे, एवढेही कारण पुरते.

परीक्षा सोपी आहे. स्वच्छ तेलाचा डबा इंजिनाहून उंच ठेवावा व त्याची नळी तेल ओढणाऱ्या पंपाला जोडावी. इंजिन न अडखळता चालले, तर दोष टाकी ते पंप या वाटेत आहे. टाकीचे झाकण सैल करताच इंजिन सावरले, तर हवेचे छिद्र बुजलेले आहे. नौकेला नवा रंग देताना ते नकळत बुजते! तळाचा गाळ व पाणी धक्क्यावर स्वस्थ असतात, लाटांत मात्र ढवळून गाळणीपर्यंत पोहोचतात.

हवा काढताना टाकीकडून इंजिनाकडे जावे: प्रथम गाळणीवरील स्क्रू, मग फवारणी पंपावरील, शेवटी फवाऱ्यांच्या नळ्यांचे नट. हाताच्या पंपाने तेल चढवीत राहावे आणि बुडबुडे थांबून अखंड तेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. उच्च दाबाच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये; तेल कातडी भेदून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

दुरुस्तीनंतर नौका धक्क्याला भक्कम दोरांनी बांधून, गिअर टाकून, इंजिन किमान अर्धा तास चालवावे. बंद पडायचे तर ते तेथेच पडेल.