मजकूर एकदाच टाइप व्हावा
कामाची हत्यारं : लेखांक ७

समजा, मसाल्यांचा एक नवा ब्रँड बाजारात यायचा आहे. मालकीणबाईंनी पाकिटावरचा मजकूर फोनवर मराठीत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवला. कोरल ड्रॉमध्ये पाकीट लावणाऱ्या डीटीपी ऑपरेटरनं तो पुन्हा टाइप केला, कारण त्याच्याकडचे फॉन्ट जुन्या पद्धतीचे. व्हॉट्सॲपचा मजकूर त्यांत चिकटत नाही. वेबसाइट करणाऱ्या मुलीला त्या पाकिटाची पीडीएफ मिळाली. त्यातून कॉपी केलं तर इंग्रजी अक्षरांची खिचडी हाती आली, म्हणून तिनंही टाइप केलं. इन्स्टाग्रामच्या पोस्टसाठी चौथ्यांदा. दर खेपेला एखादी वेलांटी फिरते, अनुस्वार गळतो, घटकांच्या यादीतून धने पडतात, आणि प्रूफ वाचायला पुन्हा मालकीणबाईच बसतात.

गेल्या दोन लेखांत आपण फिग्मा आणि नोशन पाहिलं. ती साधनं वेळ वाचवतात यात शंका नाही. पण मराठीत काम करणाऱ्याचा वाचलेला वेळ या पुन्हापुन्हाच्या टायपिंगमध्ये निघून जातो, आणि साधनांच्या याद्या करणारे लोक इंग्रजीत विचार करत असल्यामुळे हा मुद्दा त्यांच्या यादीत येतच नाही. म्हणून आजचा अख्खा लेख एवढ्याचसाठी.

दुखणं जुनं आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फाइलच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. तिथं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्या जागी काना, मात्रा, अर्धा क अशी चित्रं दाखवतो. शिवाय कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं चित्र, हे ज्यानं-त्यानं आपापलं ठरवलं. फॉन्ट बदलला की मजकूर गेला. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. ऑक्टोबर १९९१मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि तिची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली होती.

मग एवढ्या वर्षांत छपाईची दुकानं बदलली का नाहीत? ऑपरेटरला आळशी म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. युनिकोड मजकूर पडद्यावर नीट दिसायला फॉन्टखेरीज आणखी एक गोष्ट लागते. ‘क्षितिज’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर आणि दिसायला हवी आधी. क, हलन्त आणि ष यांचा मिळून क्ष व्हावा लागतो. ही जुळणी करणारं इंजिन प्रोग्रॅममध्ये असावं लागतं. विंडोज २०००मध्ये ते आलं, सोबत र. कृ. जोशींनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्टही आला. पण डिझाइनचे मोठे प्रोग्रॅम बरीच वर्षं मागे राहिले. ज्या हत्यारावर पोट चालतं त्यातच जोडाक्षरं फुटत असतील, तर माणूस जुन्या फॉन्टलाच धरून राहणार. आज मात्र ती सबब उरलेली नाही. हार्फबझ नावाचं मुक्त स्रोत इंजिन क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस या सगळ्यांत आहे, आणि कोरलच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोड मराठी चालते.

अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये मात्र एक खुंटी पिळावी लागते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे ‘इनडिझाइनमध्ये मराठी तुटते’ अशी तक्रार अजून ऐकू येते. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ आहे. इलस्ट्रेटरमध्ये त्याच विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’वर खूण करा. इनडिझाइनची ही निवड परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच साठवून ठेवा, नाहीतर दर फाइलला तीच शोधाशोध.

कुठलाही नवा फॉन्ट किंवा ॲप हाती आलं की एक चाचणीची ओळ टाकून बघावी. माझी अशी: ‘दुसऱ्या तऱ्हेचं ॲप, शिल्लक, कर्तृत्व, उद्घाटन’. ‘दुसऱ्या’तल्या य वर रफार चढला, तर फॉन्टला किंवा टाइप करणाऱ्याला मराठी येत नाही. हा अर्धा र आणायचा तर ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य अशी जोडणी करायची; इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ मिळतो.

ॲ ची गोष्ट आणखी चिवट आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी घडलेल्या फॉन्टमध्ये ते नसणारच, तिथं चौकोन दिसतो. काहीजण अ टाइप करून त्यावर चंद्र बसवतात. काही प्रोग्रॅममध्ये ते हुबेहूब ॲ सारखं दिसतं, काहींत मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पण संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं आहेत. तुमच्या दुकानाच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकानं ‘ॲपल बोर’ शोधलं आणि मालाच्या यादीत ते दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं असेल, तर माल असूनही सापडणार नाही. यादीत एकदा ‘फाइंड अँड रिप्लेस’ चालवलं की काम झालं.

ल आणि श यांचंही तसंच. देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठी वळणं. राज्य शासनानं २००९च्या वर्णमालेत तीच प्रमाण मानली. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणं आधी दिसतात आणि मराठी वळणं आत झाकलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगितलं की ती वर येतात, अर्थात फॉन्ट घडवणाऱ्यानं ती भरली असली तर. वेबसाइट करणाऱ्यांनी पानाच्या भाषेचा संकेत ‘एम-आर’ ठेवावा. पुष्कळ मराठी साइटवर तिथं इंग्रजीचा संकेत असतो, कारण टेम्प्लेट तसंच आलेलं असतं आणि कुणी बघितलेलं नसतं. ही भानगडच नको असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्या. टिरोनं हिंदी, संस्कृत आणि मराठी यांसाठी तीन स्वतंत्र फॉन्ट केले आहेत.

फॉन्टचा विषय निघालाच आहे, तर पैसे न मोजता आज किती मिळतं हेही पाहू. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ सात वजनांत आहे. ॲपच्या पडद्यासाठी त्याच्याइतका भरवशाचा दुसरा मला तरी सापडलेला नाही. त्यांचाच ‘बलू’ गोलमटोल, आणि ‘मोदक’ इतका जाड की अक्षरातली पोकळी जेमतेम उरते. ‘अनेक’ हा व्हेरिएबल फॉन्ट आहे: वजनाबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते. मसाल्याच्या पाकिटामागं बोटभर जागेत घटकांची यादी बसवायची असते तेव्हा तोच उपयोगी. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ही मोफत आहे. यांतल्या बहुतेकांचा परवाना ओपन फॉन्ट लायसन्स आहे. तुम्ही त्यांत लोगो करा, पाकीट छापा, ॲपमध्ये भरा, पैसे कमवा. नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही. नव्या उद्योजकानं कुठून तरी उचललेले फॉन्ट वापरून पुढे वकिलाची नोटीस ओढवून घेण्याचं काहीच कारण नाही.

फिग्मात दोन गोष्टी सांभाळा. अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेवा. इंग्रजी शीर्षकात ते वाढवलं की देखणं दिसतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवा, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात. डिझाइन मंजूर होईपर्यंत चौकटींत इंग्रजी नमुना मजकूर ठेवण्याची पद्धतही सोडावी. बटणावर ‘सेव्ह’ छान बसलेलं असतं. ‘जतन करा’ आलं की चौकट मोडते.

आता मूळ दुखण्यावरचा इलाज. सगळा मंजूर मजकूर एका गूगल शीटमध्ये ठेवा. एका ओळीत एक वाक्य, शेजारी ते कुठं वापरलंय आणि कुणी मंजूर केलं याची नोंद. पाकीट, वेबसाइट, पोस्ट, सगळ्यांनी तिथूनच कॉपी करायचं. माल बराच असेल तर हातानं कॉपी करण्याचीही गरज नाही: इनडिझाइनचं डेटा मर्ज आणि कॅनव्हाचं बल्क क्रिएट शीटमधल्या ओळींतून पाकिटं किंवा पोस्ट स्वतःच भरतात, आणि फिग्मासाठी त्याच कामाची प्लगिन आहेत. एक खाचखळगा: त्यासाठी शीटमधून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठीचा चुराडा झालेला दिसतो, आणि तशीच सेव्ह केली तर मजकूर कायमचा जातो. एक्सेलमधून काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा.

जुना मजकूर फक्त छापील असेल, तर फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सनं उघडा. टाइप केलेला मराठी मजकूर बाहेर येतो. टेसरॅक्ट हे मुक्त साधनही मराठी वाचतं, पण त्याला आज्ञा टाइप करून चालवण्याची सवय लागते. जुन्या फॉन्टमधल्या फाइलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, मात्र फॉन्ट नेमका कोणता होता हे आधी माहीत हवं. या सगळ्यांनंतर एकदा डोळ्यांखालून घालणं आलंच, विशेषतः जोडाक्षरं आणि आकडे.

राहता राहिली प्रेस. तिथं युनिकोड चालतं की नाही यावर वाद घालत बसू नका. फाइलची एक प्रत काढा, तिच्यातला मजकूर कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करा, आणि तीच छपाईला द्या. जिवंत मजकुराची मूळ फाइल स्वतःकडे ठेवा, नावात तारीख घालून. पुढच्या वर्षी किंमत बदलायची असेल तेव्हा कर्व्ह केलेल्या फाइलीतून एक आकडाही बदलता येत नाही.

पुढच्या आठवड्यात कोटेशन, बिलं आणि जीएसटी सांभाळणारी साधनं पाहू.