पाण्याचा हिशेब आणि मुलीची सायकल

अंकुशनगरला साखर कारखान्याभोवती ऊस दिसतो. पण पाण्याची किंमत आम्हा मराठवाड्याच्या लोकांना कुणी सांगायला नको. म्हणून वेदांगी कुलकर्णीचा प्रवास आम्हाला जवळचा वाटतो. पुण्याची ही मुलगी २०१८ च्या जुलैत ऑस्ट्रेलियातील पर्थहून सायकलवर निघाली. पुढे नल्लारबॉरचा उजाड प्रदेश. तिथे एके ठिकाणी १४६ किलोमीटर रस्त्याला वळणच नाही. पाणी कमी घेतले तर जिवावर बेतते, जास्त घेतले तर लिटरमागे किलोभर ओझे. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने तिला लुटले, तरी ती थांबली नाही. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर झाले.

आपल्याकडे मुलगी मोठी झाली की सायकल भिंतीला टेकते. अम्मी-अब्बांनो, मुलीला पंक्चर काढायला शिकवा. सायकल काढून घेऊ नका.