तासामागे एक सेकंद

वाळवंटातून धावणाऱ्या डाकार रॅलीचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला : गाडी पळते किती? खरं तर वेगाचा आकडा या शर्यतीत सगळ्यात साधा आहे. मोटरसायकलींना ताशी 160 किलोमीटरची मर्यादाच घालून दिलेली आहे. डोकं गरगरतं ते बाकीच्या आकड्यांनी.

2023 ची शर्यत घ्या. सौदी अरेबियाच्या वाळूत आणि दगडधोंड्यांत दोन आठवडे, जोडरस्ते धरून आठ हजार किलोमीटरहून जास्त प्रवास. शेवटच्या दिवशी सकाळी ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस अवघ्या 12 सेकंदांनी पुढे होता. टप्पा संपला तेव्हा अर्जेंटिनाचा केविन बेनाविदेस 43 सेकंदांनी जिंकला होता. दोघांचीही एकूण वेळ साडेचव्वेचाळीस तासांच्या आसपास. भागाकार करून पाहा, तासामागे एका सेकंदाचाही फरक पडत नाही.

आणि एका सेकंदात काय काय होतं! ताशी 160 च्या वेगाने गाडी सेकंदाला 44 मीटर पुढे जाते. स्वाराला नकाशा मिळत नाही. हँडलवरच्या रोडबुकमध्ये एवढंच असतं : अमुक किलोमीटरला वळण, अमुक अंशाची दिशा, पुढे खड्डा. ते वाचायला क्षणभर मान खाली घातली की 44 मीटर वाळवंट न बघताच मागे पडतं. असं दिवसाला कित्येक तास चालतं.

आता वाळू. ही शर्यत ज्यातून गेली ते अरबस्तानातलं रुब अल खाली हे सलग वाळूचं जगातलं सर्वांत मोठं वाळवंट. क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे दोन महाराष्ट्र आरामात मावतील. काही टेकड्यांची उंची 250 मीटरपर्यंत जाते. वाऱ्याकडची बाजू लांबट आणि चढायला बरी, पलीकडची मात्र तीस अंशांहून जास्त उताराची, भुसभुशीत. चढताना थ्रॉटल सोडला की चाक रुतलंच. माथ्यावर वेग आवरला नाही, तर गाडी हवेत. म्हणून स्वार फूटरेस्टवर उभा राहतो, वजन मागे टाकून पुढचं चाक हलकं ठेवतो आणि अगदी माथ्याशी हात आवरतो. भर दुपारी टेकड्यांच्या सावल्या फारशा पडत नाहीत, त्यामुळे टेकडी कुठे संपते तेच दिसत नाही. मला या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटते.

गाडीचं इंजिन जास्तीत जास्त 450 सीसीचं. टाक्यांमध्ये तीसेक लिटर पेट्रोल, म्हणजे सकाळी वीस-बावीस किलो वजन जास्तीचं. शिवाय अंगावर किमान तीन लिटर पाणी. यात जिवाचा धोकाही आहे. 2020 साली सातव्या टप्प्यात हीरोच्या संघाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस मरण पावला. 2021 पासून एअरबॅगचं जाकीट सक्तीचं आहे.

2024 मध्ये 48 तासांचा एक टप्पा आला. संध्याकाळी चार वाजले की जवळच्या तळावर थांबायचं, तंबू ठोकायचा, मिळेल ते खायचं. मदतीला संघातलं कुणी नाही. त्याच वर्षी बोत्स्वानाचा रॉस ब्रांच हीरोच्या गाडीवर दुसरा आला, अमेरिकेच्या रिकी ब्रेबेकच्या मागे 10 मिनिटं 53 सेकंदांनी. पहिल्या तिघांत भारतीय कंपनीची गाडी येण्याची ती पहिलीच वेळ. केरळचा हारिथ नोआ अकरावा आला आणि रॅली-2 गटात पहिला.

येत्या जानेवारीत निकाल बघाल तेव्हा पहिल्या तीन नावांवर थांबू नका. यादीत खाली उतरा. तिथे मेकॅनिकविना धावणाऱ्यांचा एक गट असतो. दिवसभर वाळू तुडवून आल्यावर तेल, फिल्टर, टायर सगळं त्यांचं तेच बदलतात आणि पहाटे अंधारात पुन्हा निघतात. माझ्या लेखी डाकारचे पहिले मानकरी ते.