गिटारचा ‘डिले’ : डिस्टॉर्शनच्या आधी की नंतर?

भोकर - गणेशोत्सव असो वा भीमजयंती, तालुक्याच्या गावातील ऑर्केस्ट्राच्या मंचावरही इलेक्ट्रिक गिटार आता नवलाची राहिलेली नाही. मात्र मोठ्या शहरापासून दूर असलेल्या वादकाला पेडल विकत घेण्यापूर्वी वाजवून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. मागविलेले ‘डिले’ पेडल जोडल्यावर सुरांचा नुसता गोंगाट झाला, की दोष पेडलचा समजून ते बदलण्याचा मोह होतो. वास्तविक अनेकदा दोष पेडलचा नसतो, तर त्याच्या जागेचा असतो.

डिले म्हणजे कृत्रिम प्रतिध्वनी. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर कापतो. त्यामुळे १७ मीटरवरील भिंतीवर आपटलेला सूर १०० मिलिसेकंदांनी परत ऐकू येतो. हेच काम पूर्वी चुंबकीय फितीवर चालणारी यंत्रे करीत. पुढे जपानच्या ‘बॉस’ कंपनीने १९८३ मध्ये ‘डीडी-२’ हे डिजिटल डिले पेडल बाजारात आणले.

डिस्टॉर्शनचे कार्य निराळे आहे. ते गिटारचा विद्युत संकेत इतका वाढविते, की त्याची टोके कापली जातात आणि आवाज भरदार, खरखरीत होतो. या प्रक्रियेत मोठ्या व लहान आवाजातील फरक बराचसा पुसला जातो. सारे गणित येथेच आहे.

क्रम बदलला, की आवाज बदलतो

समजा, डिलेतून येणारा प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्याच्या निम्मा आहे; म्हणजे मूळ सुराच्या १/२, १/४, १/८ असा तो विरत जातो. आता मूळ सुराच्या एक दशांशाहून मोठा संकेत कापला जाईल, अशा रीतीने डिस्टॉर्शन लावले आहे. डिले त्याच्या आधी जोडला, तर पहिले तिन्ही प्रतिध्वनी कापले जाऊन जवळपास सारख्याच उंचीचे होतात. विरणे संपते. शिवाय जुने प्रतिध्वनी व नवे सूर एकाच वेळी डिस्टॉर्शनमध्ये शिरल्याने एकमेकांत मिसळून चिखल होतो.

डिले नंतर ठेवल्यास खरखरीत झालेल्या सुराचे स्वच्छ प्रतिध्वनी क्रमाक्रमाने मंद होत जातात. म्हणून सर्वसाधारण क्रम गिटार, वा-वा, डिस्टॉर्शन, कोरस, डिले, रिव्हर्ब आणि शेवटी ॲम्प्लिफायर असा ठेवावा.

खरखर ॲम्प्लिफायरचीच असेल तर?

अशा वेळी डिले ॲम्प्लिफायरच्या पुढे जोडला, तरी तो डिस्टॉर्शनच्या आधीच येतो. यावर उपाय म्हणजे ॲम्प्लिफायरच्या मागील ‘इफेक्ट्स लूप’. ‘सेंड’मधून निघालेली वायर डिलेच्या इनपुटला व डिलेच्या आउटपुटची वायर ‘रिटर्न’ला जोडावी. लूप नसल्यास ॲम्प्लिफायर स्वच्छ आवाजावर ठेवून खरखर पेडलमधून काढावी. ‘पिंक फ्लॉइड’चे डेव्हिड गिलमोर यांनी १९७० च्या दशकात फझ पेडल, त्यानंतर ‘बिन्सन’ प्रतिध्वनी यंत्र आणि मग ‘हायवॉट’ ॲम्प्लिफायर असाच क्रम वापरला होता.

अर्थात, उलट क्रम निषिद्ध नाही. एडी व्हॅन हॅलन सुरुवातीच्या काळात ‘एकोप्लेक्स’ हे यंत्र ‘मार्शल’ ॲम्प्लिफायरच्या आधी जोडत. या क्रमात वाजविताना मोठा सूर प्रतिध्वनींना दाबून टाकतो आणि वादक थांबताच ते वर येतात. हा परिणाम हवा असल्यास प्रतिध्वनींची संख्या व पातळी कमी ठेवणे इष्ट.

मंचावर आणखी एक खबरदारी घ्यावी. साउंडवाला मिक्सरवर स्वतःचा ‘एको’ देत असेल, तर गिटारच्या वाहिनीवरील तो बंद करण्यास सांगावे. दोन प्रतिध्वनी एकमेकांवर चढले, की ताल हरवतो. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची असल्यास डिले ५०० मिलिसेकंदांवर ठेवला, की प्रतिध्वनी नेमका पुढच्या मात्रेवर पडतो. मिरवणुकीत बेंजो वाजविणाऱ्यांनाही, डिस्टॉर्शन व एको दोन्ही वापरत असल्यास, हाच नियम लागू पडतो.

तेव्हा नवे पेडल मागविण्यापूर्वी आहे त्याच दोन पेडलची अदलाबदल करून पाहावी. त्यासाठी खर्च काहीच नाही, वेळ फार तर पाच मिनिटांचा.