कांताबाईंचा फड आणि रघुवीरचा फड

चैत्र-वैशाखात संगमनेर, अकोले, पारनेर या बाजूच्या गावोगावच्या यात्रांचा एक शिरस्ता असतो. संध्याकाळी पालखी, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा. हगाम्याची हलगी वाजायच्या आधीच पारावर एक कुस्ती लागलेली असते, तोंडाची. विषय एकच, रात्रीचा तमाशा कसा झाला. त्यातून फड रघुवीर खेडकरांचा असला तर ती हमखास बरोबरीत सुटते. त्यांच्या आई कांताबाईंना बोर्डावर पाहिलेले म्हातारे एकीकडे, रघुवीरच्या बतावणीवर वाढलेले दुसरीकडे, आणि कोणीच पाठ टेकायला तयार नसतो.

जुन्या चाहत्यांची ही खोड जगभर सापडते. 1962 मध्ये लंडनला उभ्या राहिलेल्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडने 2023 मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ काढला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम 18 वर्षांनी येत होता. ढोलांवर बसणारा चार्ली वॉट्स 2021 मध्येच गेला होता, त्याचे वादन दोनच गाण्यांत उरले होते. लगेच वाद पेटला, हा अल्बम जुन्यांच्या पंगतीला बसतो का? पण त्या चाहत्यांची एक सोय आहे. जुनी तबकडी लावायची, नवी लावायची आणि काय ते ठरवायचे. तमाशाच्या रसिकाकडे असते ती आठवण, आणि फार तर वगाची एखादी जुनी कॅसेट. आठवणीत तर प्रत्येक वग आजच्यापेक्षा चांगलाच झालेला असतो!

कांताबाई सातारकर यांचा जन्म 1939 चा, गुजरातेत, खाणीवर मजुरी करणाऱ्या जोडप्याच्या पोटी. सातारा, मुंबई असा प्रवास करत त्या तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या आणि ही जोडी गाजली. 1964 मध्ये तुकाराम खेडकर गेले. पदरात लेकरे, फडातली जागा गेलेली, अशा वेळी पुढच्या काही वर्षांत कांताबाईंनी स्वतःचा फड उभा केला आणि संगमनेर हे त्याचे घर झाले. ‘रायगडची राणी’, ‘महारथी कर्ण’, ‘गवळ्याची रंभा’, ‘पाच तोफांची सलामी’, ‘तंट्या भिल्ल’, ‘कोंढाण्यावर स्वारी’ ही त्यांच्या वगांची नावे वाचली तरी त्या काळची चव कळते: इतिहास, पुराण, दरोडा आणि कुंकू. राज्य सरकारने विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला.

फड पुढे चिरंजीवांनी चालवला. रघुवीर खेडकर सोंगाड्या. इथेच पारावरच्या वादाची खरी गोम आहे. कांताबाईंच्या फडाचा कणा नायिका होती. तिच्या संवादावर वग चढायचा, तिच्या रडण्यावर कनातीतले लोक रडायचे. रघुवीरच्या फडाचा कणा सोंगाड्या झाला. हसवणाऱ्याला हातात विषय लागतो तो आजचा: पुढारी, पतपेढी, हुंडा, मोबाइल. ‘असे पुढारी आमचे वैरी’ हे वगाचे नाव कुठल्या काळाकडे बोट दाखवते, ते सांगायला नको. तेव्हा आई सरस की मुलगा, हा प्रश्नच जरा तिरपा आहे. दोघांचे सामान निराळे.

जुन्यांची तक्रार मात्र खोटी नाही. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग हा तमाशाचा क्रम. यातली रंगबाजी आता एवढी फुगली आहे की वगाला तास-दीड तास उरला तरी नशीब. हिंदी-मराठी सिनेमाची गाणी, धूर, फिरते दिवे, कीबोर्ड; ढोलकीवाला एका कोपऱ्यात. ‘तमाशा गेला, ऑर्केस्ट्रा आला’ हे वाक्य प्रत्येक यात्रेत ऐकू येते. त्याचा सगळा दोष फडमालकावर टाकणे सोपे आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला लागणाऱ्या फडांच्या राहुट्यांवर सुपारी द्यायला येणारे यात्रा कमिटीचे लोक आधी काय विचारतात? नाचणाऱ्या किती आणि लाइट कसली. वग कोणता, हे विचारणारा क्वचित. शंभराच्या घरात माणसे, त्यांच्या गाड्या, रोजचा शिधा, उचल घेतलेले कलावंत हे सगळे ज्याला दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पोसायचे आहे, तो गावाच्या मागणीला नाही कसे म्हणणार?

घड्याळही आडवे आले. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रात्री दहानंतरच्या भोंग्यांवर आणखी बोट ठेवले. सवलत मिळते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी आणि बारापर्यंतच. वग हा पहाटेपर्यंत फुलण्यासाठी रचलेला प्रकार. त्याला मध्यरात्रीच्या आत गुंडाळायचे म्हटले की आधी उपकथा जातात, मग पदे, मग नायिकेचा विलाप. उरतो तो सारांश.

आणि ‘पूर्वीचा तमाशा’ म्हणजे नेमका कुठला? वगाचा उगम 1865 च्या ‘मोहना बटाव’मध्ये मानतात, म्हणजे वगही कधीतरी नवाच होता. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावश्याची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात बोर्डावर उभी राहिली, तेव्हा जुन्या वळणाच्या लोकांनी कपाळाला हात लावले होते. आज तीच पवळा परंपरेची खूण म्हणून सांगितली जाते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, मग दत्तो वामन पोतदारांची समिती नेमली आणि संहिता तपासून परवानगी द्यायला सुरुवात केली. कांताबाईंची पिढी या धुऊन काढलेल्या तमाशातच वाढली. तोच आज अस्सल ठरला आहे.

कोरोनाने 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन हंगाम खाल्ले. राहुट्या लागल्याच नाहीत. 25 मे 2021 रोजी कांताबाई कोरोनानेच गेल्या. फड त्यातूनही पुन्हा उभा राहिला, आणि 2026 च्या पद्म यादीत रघुवीर खेडकरांचे नाव आले. पारावरच्या म्हाताऱ्यांनाही त्या दिवशी मिशीत हसू आवरले नसेल.

निकाल द्यायचाच तर असा द्यावा लागेल: आताच्या फडाची रंगबाजी कांताबाईंच्या काळापुढे फिकी आहे, उसनी आहे आणि लांबलेली आहे. बतावणी मात्र तसूभर उणी नाही. समोरच्या गावाचे नाव, तिथला सरपंच, तिथला पाणीप्रश्न जागच्या जागी संवादात ओवणे ही कला कुठल्याही दिव्यांच्या झगमगाटातून येत नाही. वगाबद्दल निकाल देता येत नाही, कारण बहुतेक प्रेक्षक तोवर उठून गेलेले असतात.

दसऱ्याला फड बाहेर पडतात. येत्या चैत्रात गावच्या यात्रेला गेलात, तर गाणी संपल्यावर मोटारसायकलची किल्ली शोधू नका. वग सुरू होऊ द्या. आणि सुपारी द्यायला नारायणगावला जाणाऱ्या मंडळींत तुमच्या ओळखीचा कोणी असेल, तर वग कोणता करणार, एवढे त्याला आधी विचारायला सांगा.