सोडलेले काम आणि मनाची टोचणी

प्रस्तावना

मुक्त शिक्षण घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा दिवस दोन ठिकाणी वाटला गेलेला असतो. काही तास कामाचे आणि उरले तर काही तास अभ्यासाचे. परीक्षा जवळ आली की या दोहोंतील एकाला आवर घालावा लागतो. काम सोडावे, तर घरच्यांच्या तोंडचा घास आपण काढून घेत आहोत, असे वाटू लागते. काम सोडल्यानंतरही ही टोचणी संपत नाही. पुस्तक उघडले, की तीही समोर येऊन बसते. ती नेमकी कशाची असते आणि तिचे काय करावे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही,
• अपराध आणि ऋण यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• काम सोडण्याचा निर्णय हिशेबाने तपासू शकाल;
• काम आणि शिक्षण यांचा मेळ घालण्याचे मार्ग सांगू शकाल.

मूळ पाठ

१. टोचणी कशाची?

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील अनेक कुटुंबे सोने-चांदीच्या गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर विखुरली आहेत. दिल्लीतही ती आहेत. अशाच एका कुटुंबातील मुलीची कल्पना करू. वडील करोलबागेत गलाईच्या दुकानात कामाला आहेत. मुलीची शाळा आठवीनंतर सुटली होती. आता विसाव्या वर्षी तिने दहावीसाठी नाव नोंदवले आहे आणि करोलबागेतीलच एका कापडाच्या दुकानात ती दुपारी चार ते रात्री नऊ काम करते. सोमवारी बाजार बंद असतो. रविवारी दुकानात सर्वांत अधिक गर्दी असते आणि तिच्या अभ्यासकेंद्रावरील संपर्क वर्गही नेमके रविवारीच असतात. पाच महिन्यांवर परीक्षा आली, तेव्हा तिने काम सोडले. घरी कोणी तिला बोलले नाही. तरीही धाकट्या भावाची फी भरायची वेळ आली, की तिची मान खाली जाते.

तिने काही अपराध केला आहे काय? अपराध म्हणजे जे करू नये ते करणे, कोणाला फसवणे, कोणाचे हिरावून घेणे. शिकण्यासाठी काम सोडणे यांपैकी कशातच बसत नाही. मग मन का टोचते? घरच्यांनी आपल्यासाठी काही सोसले आहे, हे तिला कळते म्हणून. ही जाणीव ऋणाची आहे. अपराध आणि ऋण यांची मनात सहज गल्लत होते; परंतु दोहोंत मोठा फरक आहे. अपराधाबद्दल माणूस झुरत राहतो. ऋणाला मात्र रक्कम असते, मुदत असते आणि ज्याचे देणे आहे, तो माणूसही ठाऊक असतो. म्हणून ऋण मोजता येते आणि फेडताही येते.

२. हिशेब मांडून पाहणे

आता त्या मुलीचा हिशेब मांडू. समजा, तिला दरमहा ७,००० रुपये मिळत होते. मेट्रोचे भाडे आणि चहा-खाणे यांत २,००० रुपये जात. म्हणजे घरी खरोखर पोहोचत होते ५,००० रुपये. परीक्षेपर्यंतच्या पाच महिन्यांत ही तूट २५,००० रुपयांची होते. तिच्याजवळ साठवलेले १०,००० रुपये आहेत. सकाळी शेजारच्या लहान मुलांची शिकवणी घेतली, तर महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे पाच महिन्यांत ७,५०० रुपये मिळतील. उरले ७,५०० रुपये. याचा अर्थ घराला सोसावा लागणारा खरा भार महिन्याला १,५०० रुपयांचा आहे. तिचे मन मात्र ७,००० रुपयांचे ओझे वाहत होते.

हिशेबाची दुसरी बाजू वेळेची. रोजचे पाच तास कामाचे आणि दीड तास येण्या-जाण्याचा. आठवड्यातील सहा दिवसांचे हे ३९ तास होतात. शिकवणीचे तास वजा केले, तरी यातील बहुतेक वेळ आता अभ्यासाला मिळू शकतो. मात्र तो खरोखर अभ्यासाला मिळाला पाहिजे. कामाचा वेळ वाचवून तो वाया घालवला, तर मनाची टोचणी योग्यच ठरेल.

हिशेबाचे उत्तर प्रत्येक वेळी ‘काम सोडा’ असेच येईल, असे नाही. ज्या घराचे भाडे त्याच पगारातून जाते, तेथे ते काम तडकाफडकी सोडणे शहाणपणाचे नव्हे. अशा वेळी कामाचे तास कमी करून घेणे किंवा कमी विषयांची परीक्षा देणे हा मार्ग उरतो.

३. एक ऐतिहासिक उदाहरण

शिक्षणासाठी नोकरी सोडण्याचे एक लक्षणीय उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रात आढळते. ते लंडनमध्ये शिकत असताना बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. परळच्या चाळीत राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो पगार मोठा होता. घराला स्वास्थ्य लाभावे, अशीच ती वेळ होती. परंतु बाबासाहेबांनी काटकसरीने राहून पैसे साठवले आणि मार्च १९२० मध्ये नोकरीचा राजीनामा दिला. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते त्याच वर्षी पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली त्यांनी एम.एस्‌सी. आणि १९२३ साली डी.एस्‌सी. या पदव्या मिळवल्या.

या उदाहरणातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, त्यांनी नोकरी रागाच्या वा कंटाळ्याच्या भरात सोडली नाही; अपुरे शिक्षण पुरे करण्याचे साधन म्हणूनच तिच्याकडे पाहिले. दुसरी, इतरांचे साहाय्य घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या निर्णयाची झळ घरालाही बसली. मुंबईत संसाराचा भार रमाबाईंनी ओढला. एकाच्या पदवीमागे दुसऱ्याचे कष्ट उभे असतात, हे सत्य लपवण्याचे कारण नाही. ते मान्य करणे हीच ऋण फेडण्याची पहिली पायरी होय.

४. काम आणि शिक्षण यांचा मेळ

श्रम आणि शिक्षण एकमेकांचे वैरी आहेत, असा मात्र याचा अर्थ नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांना काम न सोडता शिकता यावे, हा त्यामागील हेतू. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली. तेथे विद्यार्थी श्रम करत. परंतु ते श्रम शिक्षणाच्या सोयीने आखलेले असत. दुकानाचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या परीक्षेकडे पाहून ठरत नाही. म्हणून स्वतःला विचारावे, ‘माझे काम माझ्या शिक्षणाला आधार देते, की शिक्षणच गिळून टाकते?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर निर्णयाची दिशा दाखवते.

नोएडा येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची रचनाही कष्ट करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. येथे नोंदणी पाच वर्षांपर्यंत वैध असते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात. सर्व विषय एकाच वेळी देण्याचे बंधन नसते आणि उत्तीर्ण झालेल्या विषयांचे श्रेय जमा राहते. ज्याला काम सोडणे शक्य नाही, त्याने एका वेळी दोनच विषय घेतले, तरी वाट बंद होत नाही.

५. काम सोडताना आणि सोडल्यानंतर

काम सोडायचे ठरले, तर ते नीट सोडावे. मालकाला पुरेसे दिवस आधी सांगावे. आपल्या जागी येणाऱ्याला काम समजावून द्यावे. पैशाचा व्यवहार चोख पुरा करावा. घरच्यांसमोर हिशेबाचा कागद ठेवावा आणि मुदत सांगावी. ‘परीक्षेपर्यंत पाच महिने’ असे म्हटले, की ऐकणाऱ्यालाही धीर येतो. घरातील जी कामे वेळात बसतील, ती आपणहून उचलावीत. आईला पत्र वाचून दाखवणे, भावाचा अभ्यास घेणे, यानेही ऋणाचा काही भाग फिटतो.

आणि एवढे करूनही संध्याकाळी दुकानाच्या वेळेला मन थोडे हलेल. हलू द्यावे. आपण कोणाच्या आधाराने शिकत आहोत, याची ती आठवण आहे. तिने पुस्तक मिटवू नये, एवढे मात्र पाहावे.

पाठगत प्रश्न

१. अपराध आणि ऋण यांत लेखात कोणता फरक सांगितला आहे?
२. मुलीच्या मनावरील ओझे आणि घराला सोसावा लागणारा खरा भार यांत किती रुपयांचा फरक होता?
३. रयत शिक्षण संस्थेतील श्रम आणि दुकानातील काम यांत कोणता भेद आहे?

तुम्ही काय शिकलात?

• शिक्षणासाठी काम सोडल्यावर वाटणारी टोचणी अपराधाची नसून ऋणाची असते.
• पैसा आणि वेळ यांचा हिशेब मांडल्याने निर्णय स्पष्ट होतो; कधी तो काम न सोडण्याचाही असू शकतो.
• इतरांचे कष्ट मान्य करून, मुदत ठरवून केलेला अभ्यास ही ऋणफेडीची सुरुवात आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या एका आठवड्यातील काम, प्रवास आणि अभ्यास यांच्या तासांचा तक्ता तयार करा. त्यावरून तुमचा निष्कर्ष आठ-दहा ओळींत लिहा.
२. तुमच्या शिक्षणासाठी घरातील कोणी काय सोसले, हे त्या व्यक्तीला उद्देशून पत्ररूपाने लिहा.