शुल्क, खर्च आणि मूल्य

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले. म्हसरूळचा त्याचा परिसर आमच्या दिंडोरी रस्त्यावरच आहे. राज्यातील बहुसंख्य डॉक्टर, वैद्य आणि पदवीधर परिचारिका या विद्यापीठाची पदवी घेतात. दिंडोरीकर म्हणून मला प्रश्न पडतो: या शिक्षणाला लागते किती आणि त्यातून समाजाला मिळते काय?

आपली चर्चा बहुधा शुल्कापाशी थांबते. शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हेन्री लेव्हिन यांनी शिक्षणाचा खर्च काढण्याची जी पद्धत रूढ केली, तिचे सूत्र सोपे आहे: पैसे कोणीही भरोत, लागलेला प्रत्येक घटक मोजायचा. आमच्या द्राक्ष बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. मांडव आणि औषधांबरोबर घरच्यांची मजुरी व पहिल्या पिकापर्यंत अडकलेली जमीन धरली नाही, तर बागेचा हिशोब खोटा ठरतो. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत आणि पुढच्या वर्षभराच्या आंतरवासितेतही असेच असते. विद्यार्थ्याची बुडालेली कमाई, अध्यापकांचा वेळ, सरकारी अनुदान आणि ज्यांच्यावर तो हात बसवतो त्या गरीब रुग्णांचा सहभाग, हे सारे खर्चातच येते.

मूल्य मात्र पदवीनंतर, माणूस कुठे काम करतो यावर ठरते. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, नाहीतर दहा लाख रुपये भरावेत, असा नियम राज्यात बरीच वर्षे होता. म्हणजे ऐपत असणाऱ्याला ते वर्ष विकत घेता येत होते. पैसे तिजोरीत आले, तरी ननाशीकडच्या पाड्याला त्या पैशांतून डॉक्टर मिळतोच असे नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या देखभालीचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तुलनेतल्या गावांच्या मानाने तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. यावरून डॉक्टर नकोत, असे मी म्हणणार नाही. अडलेल्या बाळंतिणीला शस्त्रक्रियाच लागते. पण थोड्या काळाचे शिक्षण योग्य जागी टिकले, तर त्याचे मोल किती वाढते, हे यातून कळते.

म्हणून एका पदवीमागे किती खर्च झाला, एवढेच विचारणे मला अपुरे वाटते. गरज असलेल्या गावात मिळालेल्या सेवेच्या एका वर्षामागे किती खर्च पडला, हा आकडा मांडला पाहिजे. बागेची किंमतही शेवटी ती किती वर्षे फळ देते, यावरच ठरते.